मोरीपासून हायवेपर्यंत

खडकवस्ती, ता. सांगोला
१२ जून २०२३

चि. दिपालीस येडूमामाचा आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. हल्ली टपालाचं पाकीट दिसलं की माणसं आधी आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगितलं. माझे कान आता पुरते गेले आहेत. समोरच्या माणसाचे ओठ बघून बोलणं कळतं, पण फोन कानाला लावला की नुसती भांडी घासल्यासारखा आवाज येतो. तू बिरूच्या मोबाइलवर लिहून पाठवशील, पण ते आधी बिरू वाचणार आणि मग त्याच्या मनात आलं तर बापाला दाखवणार. त्यापेक्षा पोस्टमन बरा. सातवी शिकलो होतो, ते आता कामाला येतंय.

कारण असं की बिरुदेवने रान प्लॉटिंगला द्यायचं ठरवलं आहे. हायवे आणि रेल्वे यांच्या मधली आपली लांब पट्टी, जिथं तू लहानपणी शेरडांमागं पळायचीस, तीच. टेंभुर्णीचा इंद्रजीत म्हणून एक प्लॉटिंगवाला आहे. पांढऱ्या गाडीतून येतो आणि उतरताना बुटाला माती लागू नये म्हणून आधी जागा हेरतो. तो आणि बिरू भागीत करणार. मी आडवा आलो नाही. चौपदरी रस्ता झाल्यापासून मेंढरं पलीकडं नेता येत नाहीत, मागं रूळ. दोन्हीकडून कोंडलेलं रान कसून काय मिळवायचं? बिरूला दोन पोरी आहेत, त्यांना शिकवायचं आहे. बापाने किती दिवस दावं धरून बसायचं.

माझं एकच मागणं आहे. नकाशा तू काढायचा. तू त्याच लाइनीत आहेस आणि घरची आहेस. रुळाखालच्या पाणी जायच्या मोरीतून निघून आपल्या रानातून हायवेला जी वाट जाते, ती त्या नकाशात राहिली पाहिजे. रुळापल्याडच्या वस्तीचं फाटक रेल्वेने बंद केलं तेव्हा तू कॉलेजात होतीस, म्हणून नीट सांगतो. साहेब लोक ग्रामसभेला आले होते आणि वस्ती सही द्यायला तयार नव्हती. वस्तीतली मुक्ताबाई उभी राहून म्हणाली, "फाटक मिटलं तर आमी जायाचं कुटनं? उडत जाऊ व्हय?" तिचं खरं होतं, दुसऱ्या रस्त्याने पाच मैलांचा वळसा. तेव्हा मी उठलो. बिरोबापुढची हळद, भंडारा, हातात उचलला आणि सगळ्यांदेखत बोललो, "मोरीतनं या आन् माज्या रानातनं जावा. मी हाय तवर, आन् माज्या मागंबी, ही वाट कुनी अडवनार न्हाय." त्या शब्दावर वस्तीने सह्या दिल्या आणि फाटक बंद झालं. आता त्यांचं दूध, शाळा, दवाखाना सगळं या एका वाटेवर आहे.

भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. मामी राजाबाई विचारते आहे की तू जेवतेस का वेळेवर.

तुझा
येडूमामा


सोलापूर
२६ जून २०२३

ती. येडूमामांना दिपालीचा नमस्कार.

मामीला सांगा, जेवते, आणि तिच्या हातची शेंगाचटणी संपली आहे.

काम आमच्याच ऑफिसकडे आलं. वीरभद्रप्पा साहेबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की हे माझ्या मामाचं रान आहे. ते हसले आणि म्हणाले, "मग चूक झाली तर घरीच मार खाशील."

तुमची पट्टी म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात नाठाळ जमीन, मामा. एका अंगाला ट्रक, दुसऱ्या अंगाला मालगाडी, आणि मधे माणसांनी झोपायचं. प्रत्येक प्लॉटचं दार हायवेवर उघडलं तर रोज कुणीतरी गाडीखाली जाईल. म्हणून आतून एक समांतर रस्ता काढायचा आणि तो हायवेला एकाच ठिकाणी जोडायचा. रुळाकडे घरांची तोंडं करायची नाहीत, पाठी करायच्या, आणि मधे रुंद पट्टा मोकळा ठेवून तिथं करंज आणि कडुनिंब लावायचे. तुमचं मोरीजवळचं घर या नियमाच्या आधीचं आहे, ते आहे तिथं राहील. लोक म्हणतात प्लॉटिंग म्हणजे रान कापून वड्या पाडणं. या जागी तसं केलं तर घेणारा जन्मभर शिव्या देईल.

तुमची वाट मी आतला मोठा रस्ता म्हणून घेतली आहे. मोरीच्या तोंडापासून सरळ हायवेपर्यंत, नऊ मीटर रुंद. मेंढरंच काय, बँड लावून वरात जाईल. पहिला नकाशा तयार झाला की एक प्रत पाठवते, देव्हाऱ्याजवळ लावा.

तुमची
दिपाली


खडकवस्ती
३ सप्टेंबर २०२३

चि. दिपालीस आशीर्वाद.

नकाशा पोचला. मला त्यातलं रुळाचं आणि मोरीचं चिन्ह लगेच ओळखू आलं. वाट पिवळ्या रंगाने काढली आहेस, ते बरं केलंस. मी तो घेऊन पल्याडच्या वस्तीवर गेलो आणि मुक्ताबाईच्या ओट्यावर पसरला. सगळी वस्ती गोळा झाली. मी सांगितलं, आता चिखलातून यायचं नाही, डांबरी होणार, माझ्या भाचीने काढलाय. मुक्ताबाईने नकाशावर बोट ठेवून मोरीपासून हायवेपर्यंत नेलं आणि आपल्या नातीला, संस्कृतीला म्हणाली, "बघ, तुजी साळंची वाट." ती पोर आता आठवीला आहे. मला चहा दोनदा झाला.

इकडे इंद्रजीतने हायवेला फलक लावलाय. त्यात हिरवे डोंगर आहेत, तळं आहे, तळ्यात पांढरा पक्षी आहे. मी राजाबाईला म्हणालो, आपण इतकी वर्षं हे रान राखलं आणि तळं कधी दिसलं नाही, आपलेच डोळे फुटके. खाली लिहिलंय, हायवे टच, रेल्वे टच. मोजणी झाली, हद्दीचे दगड पांढरे रंगवले. शेरडं येऊन त्याला अंग घासतात.

बिरूने तीन-चार ठिकाणी सह्या घेतल्या. मी वाचायला चष्मा शोधत होतो, तेवढ्यात त्याला उशीर होत होता, म्हणून करून दिल्या.

तुझा
येडूमामा


सोलापूर
१९ नोव्हेंबर २०२३

ती. मामांना नमस्कार.

हे पत्र एकट्याने वाचा आणि दोनदा वाचा.

नकाशात बदल मागितला आहे. त्यांना चहूबाजूंनी भिंत असलेली वसाहत हवी आहे. एकच कमान, तिथं वॉचमन. आतून बाहेरच्या लोकांचा रस्ता गेला तर प्लॉट घेणारे बिचकतात, असं त्यांचं म्हणणं. मोरीच्या तोंडावर भिंत येणार. मी साहेबांशी भांडले. त्यांनी तुमचा सातबारा आणि गावनकाशा माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "यात वाट कुठं आहे ते दाखव." मामा, ती कुठंच नाही. सरकारदरबारी ते नुसतं रान आहे आणि त्यातून कधी कुणी चाललेलं नाही.

साहेब वाईट नाहीत. ते म्हणाले, वाटेचा कागद आण, मी मालकालासुद्धा ऐकवतो. तेव्हा असं करा. वस्तीच्या लोकांना तहसीलदारांकडे अर्ज करायला लावा की आमची येण्याजाण्याची ही एकमेव वाट आहे, ती नोंदवा. मुक्ताबाईंनी अर्ज करावा, बाकीच्यांनी सह्या कराव्यात, तुम्ही जमीनवाले म्हणून कबुली द्यावी. तलाठी येऊन पंचनामा करून जाईल. मंजुरीच्या आधी हे झालं तर वाट वाचेल. एकदा मंजुरी झाली की फार अवघड.

तुम्हाला सांगितलं आणि मी मोकळी झाले असं समजू नका. इथं मी जेवढं रेटता येईल तेवढं रेटते आहे. पण कागद तिकडूनच यायला हवा.

तुमची
दिपाली


खडकवस्ती
५ डिसेंबर २०२३

चि. दिपालीस आशीर्वाद.

पत्र एकट्याने वाचलं. दोनदाही वाचलं.

तू शिकलीस, पण आपल्या रीती विसरलीस की काय? सगळ्या गावासमोर भंडारा उचलला, आता त्याच लोकांच्या दारात जाऊन म्हणू की बाबांनो, माझ्या शब्दाचं काही खरं नाही, तुम्ही आपला कागद करून ठेवा? मुक्ताबाई मला भाऊबीजेला ओवाळते. ती काय समजेल? ती समजेल की येडू फिरला. ज्या दिवशी मी तिला अर्ज करायला सांगेन त्या दिवशीच शब्द मोडला, भिंत नंतर येवो न येवो. देवाला साक्षीला बोलवायचं आणि वर तलाठी आणायचा, हे मला जमायचं नाही.

आणि तो इंद्रजीत कितीही बोलो, रान आपलं आहे आणि ठरवणारा बिरू आहे. बिरू त्या ग्रामसभेत माझ्या शेजारी बसला होता, त्याने कपाळाला तोच भंडारा लावला होता. पोरगा पैशाला हावरा असेल, पण इतका नाही. तू त्याला समोर बसवून समजाव, तो ऐकेल.

नकाशा काढणारा हात तुझा आहे. मग मला कसली काळजी?

तुझा
येडूमामा


सोलापूर
१० फेब्रुवारी २०२४

ती. मामांना नमस्कार.

घाईत लिहिते. तुमचं म्हणणं मला कळतं, अगदी मनापासून कळतं, पण ऑफिसात ते कळत नाही. साहेबांनी मंजुरीची फाइल माझ्या विनवणीवरून मार्चअखेरपर्यंत धरून ठेवली आहे. पुढे धरता येणार नाही. कृपा करून मुक्ताबाईंशी बोला. अर्ज कसा लिहायचा ते सोबतच्या कागदावर लिहून दिलं आहे, तसाच उतरवून घ्या.

तुमचा निरोप येईपर्यंत मला चैन पडणार नाही.

दिपाली


खडकवस्ती
२१ फेब्रुवारी २०२४

चि. दिपालीस आशीर्वाद.

अर्जाचं मी बघतो. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

यंदा ज्वारी बरी आहे, हुरडा झाला, तू आली नाहीस. राजाबाईचे गुडघे दुखतात. बाकी ठीक.

येडूमामा


खडकवस्ती
१४ ऑक्टोबर २०२४

दिपाली,

भिंत झाली.

पाऊस उघडला तसे कामगार आले, आणि दसऱ्याच्या आत मोरीच्या तोंडापुढं विटा उभ्या राहिल्या. माझ्या घराच्या एका कुशीला भिंत येऊन भिडली, दुसऱ्या कुशीपासून पुढं गेली. म्हणजे माझी मागची भिंत आता त्यांच्या कुंपणातच धरली आहे. वस्तीची माणसं मोरीतून वाकून येतात आणि समोर विटा बघतात.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं काम चालू आहे, दार ठेवतील. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. मग मुक्ताबाई पाच मैलांचा वळसा घेऊन माझ्या दारात आली. तिच्याबरोबर सगळी वस्ती होती, पोरंसुद्धा. कुणी ओरडलं असेल तर मला ऐकू आलं नाही, पण तोंडं बघून वाटलं की कुणी ओरडत नव्हतं. तिने पदराची गाठ सोडली. त्यात हळद होती. ती तिने माझ्या उंबऱ्यावर ठेवली आणि माझ्या तोंडासमोर येऊन, मला ओठ दिसतील असं, सावकाश बोलली, "दादा, तुजा भंडारा तुला. आमाला पुरला."

राजाबाई रडली. मी ती हळद उचलायला वाकलो, निम्मी जमिनीवर सांडली.

आता ती माणसं रुळाच्या कडेकडेने चालत फाट्यापर्यंत जातात. गाड्या आता विजेच्या, जवळ येईपर्यंत चाहूल लागत नाही म्हणतात. संस्कृतीला तिच्या बापाने शाळेतून काढलं. म्हणाला, पोरगी घरी राहिली तर जिवंत तरी राहील.

मी बिरूला विचारलं. त्याने माझ्याच सह्या दाखवल्या.

तू नकाशा काढणार होतीस. ही भिंत कुणी काढली?

येडूमामा


सोलापूर
२८ ऑक्टोबर २०२४

ती. मामांना,

भिंत मी काढली. माझ्याच टेबलावर, माझ्याच हाताने.

मार्च संपला, अर्ज आला नाही. "मी बघतो" असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून मला वाटलं होईल, होतच असेल. रोज तहसीलच्या टपालात विचारायचे. इकडे मी तुमच्या अर्जावर विसंबले आणि तिकडे तुम्ही माझ्यावर विसंबून तो केलाच नाही. आपण दोघांनी एकमेकांवर इतका विश्वास टाकला की वस्तीला कुणी काही सांगितलंच नाही.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. "त्यांना भिंत हवी" असं मी लिहिलं, तेव्हा तुम्ही इंद्रजीत समजलात. इंद्रजीतला तशी काही पडलेली नव्हती. तो म्हणाला होता, एक दार ठेवू, वाद नको. भिंत बिरूदादाने मागितली. माझ्यासमोर बसून म्हणाला, "आबा गेल्यावर ती वाट आमच्याच गळ्यात राहनार. आत्ताच मिटव." मी तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. तरी तो म्हणाला, मिटव. बापाला मुलाचं हे कसं लिहायचं, ते मला सुचलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही कदाचित अर्ज केला असता. हे मला आता झोपू देत नाही.

अजून एक मार्ग आहे. वाट अडवली म्हणून वस्तीने तहसीलदारांकडे दावा करायचा. त्यात समोरच्या बाजूला बिरूदादाचं नाव येईल आणि तुमचंही, कारण सह्या तुमच्या आहेत. तुम्हाला मुलाच्या विरुद्ध साक्ष द्यावी लागेल. वेळ लागेल, पण मी कागद तयार करते, साहेबही मदत करतील. नाहीतर काही दिवस मामीला घेऊन इकडे या. माझं घर लहान आहे, पण तुम्हाला पुरेल.

रागावून का होईना, उत्तर लिहा.

दिपाली


खडकवस्ती
९ जानेवारी २०२५

चि. दिपालीस आशीर्वाद.

रागावलो होतो म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता राग नाही.

दावा नको. मी लेकाच्या विरुद्ध उभा राहायचा आणि जिंकलो तर त्याच्या पोरींच्या तोंडचा घास काढायचा, हे मला जमायचं नाही. पण वाट माझ्या शब्दाची होती आणि माझ्या हातात एवढं एकच घर उरलं होतं. तुझाच जुना नकाशा देव्हाऱ्याजवळ लावलेला आहे. तो बघताना ध्यानात आलं की पिवळी रेघ माझ्या घराच्या कुशीलाच चिकटून जाते, दोन पावलं सरकवली की घरातून जाईल.

मी मागची भिंत फोडली. जुनी मातीची, लवकर खाली आली. तिथं चौकट बसवली नाही, मला हाका ऐकू येत नाहीत आणि कुणाला ताटकळत ठेवायचं नव्हतं. पुढच्या दाराची फळीही काढली. मोरीतून निघालं की माझ्या माजघरात, माजघरातून ओसरीवर, तिथून वसाहतीच्या रस्त्याने कमानीपर्यंत. वॉचमनला मी सांगितलं, ही माझ्या घरी आलेली माणसं आहेत, मालकाच्या पाहुण्याला तू अडवू शकत नाहीस. त्याने मान डोलावली. बिरू येऊन बघून गेला. राजाबाई मात्र चूल आणि भांडी घेऊन त्याच्या नव्या बंगल्यात गेली. म्हणाली, "मी काय रस्त्यावर बसून भाकऱ्या थापू व्हय?" तिला दोष नाही. थंडी फार येते, दोन्हीकडून वारा. मी घोंगडं घेऊन कोपऱ्यात बसतो. गाडी आली की जमीन हलते, त्यावरून कळतं.

मग मी वस्तीवर गेलो. मुक्ताबाईच्या दारात उभा राहून सांगितलं की वाट मोकळी केली आहे, या. ती काहीतरी बोलली, पण मान खाली घालून, म्हणून मला ओठ दिसले नाहीत. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. नंतर बरेच दिवस कुणी आलं नाही. मी रोज पहाटे माजघर झाडून ठेवायचो.

काल ती आली. हातात दुधाची किटली, मागं संस्कृती, पाठीला दप्तर. म्हणजे पोर पुन्हा शाळेला निघाली होती. फोडलेल्या भिंतीपाशी दोघी थांबल्या. मी म्हणालो, "ये की. वाटच हाय ही." मुक्ताबाई वाकली आणि तिने चपला काढल्या. नातीलाही काढायला लावल्या. मी हात हलवून नको नको म्हणत होतो, वाट आहे, चपला काढू नका. तिने ऐकलं नाही. चपला हातात धरून, पदर पुढं ओढून, दोघी भिंतीच्या कडेकडेने माझ्या घरातून गेल्या. देव्हाऱ्यापुढे थांबून हात जोडले. माझ्याकडे बघितलं नाही. ओसरीच्या पायरीवर बसून चपला पुन्हा घातल्या आणि कमानीकडे चालू लागल्या.

वाटेवर कुणी चपला काढतं का, दिपाली? मी जन्मभर मेंढरांमागं चाललो, मला तरी असं माणूस भेटलं नाही.

दिवसभर मी बसून होतो. संध्याकाळी त्या परत आल्या, पण घरातून आल्या नाहीत. फोडलेल्या भिंतीतून मला रूळ दिसतो. दोघी रुळाच्या कडेने, अंधार व्हायच्या आत पोचायचं म्हणून भराभर चालल्या होत्या. चपला पायात होत्या.

तुझा
येडूमामा